काट्यामागची किरकिर

जुन्या गाडीला आवाज असायचेच. दाराचा, काचेचा, सीटखालच्या स्प्रिंगांचा. त्यातले बरेचसे काही महिन्यांत ऐकू येईनासे होतात, कारण आपणच ते पोटात घालतो. स्पीडोमीटरचा आवाज तसा जिरत नाही. वेग बघायला नजर जाते नेमकी तिथूनच तो येतो, आणि वेगाबरोबर चढत-उतरत राहतो. माझ्या गाडीत तो थंड सकाळी ताशी ३० मैलांच्या आसपास सुरू व्हायचा. आधी बारीक चिरचिर, ४० ला सलग किंचाळी, आणि त्या किंचाळीच्या तालावर काटा थरथरत राहायचा. गाडी चांगली तापली की किंचाळी ओसरायची आणि मागे कोरडी करकर उरायची.

गंमत म्हणजे तो आवाज आधी मला ऐकूच आला नव्हता. शेजारी बसलेल्या भाचीला आला. “मामा, हे मीटर ओरडतंय का?” असं तिने विचारलं, तेव्हा मला फक्त इंजिन ऐकू येत होतं. वय वाढतं तशी कानाची वरच्या पट्टीतली धार आधी जाते, आणि कोरड्या धातूची किंचाळी नेमकी त्याच पट्टीत सुरू होते. मला ती कळली तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं होतं. तेव्हापासून जुनी गाडी तपासताना एक तरुण कान शेजारी असावा, असं माझं मत झालं आहे.

या आवाजावर सगळ्यांकडे एकच औषध असतं: थोडं तेल सोड. मीटरच्या मागून केबल सैल करायची, नळीत तेलाची धार सोडायची किंवा डब्यातला पातळ स्प्रे मारायचा, नट आवळायचा, विषय संपला. आणि खरंच, बहुतेक वेळा आवाज थांबतो. माझी तक्रार नेमकी त्या थांबण्याविषयी आहे. आवाज हा या भानगडीतला एकमेव साक्षीदार असतो, आणि त्याची जबानी घेण्याआधीच आपण त्याचं तोंड बंद करतो. पातळ स्प्रे जुनं ग्रीस धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो. थोड्या दिवसांनी आवाज परत येतो तेव्हा मूळ कारणावर स्प्रेचे उपद्व्याप चढलेले असतात. म्हणून मी ठरवलं, की आवाज कुठून येतो हे कळेपर्यंत तेलाला हात लावायचा नाही.

त्यासाठी आधी त्या डबीत काय चालतं ते माहीत हवं. जुन्या गाडीतलं स्पीडोमीटर म्हणजे फक्त डॅशबोर्डवरची गोल डबी नव्हे. त्याचं एक टोक गिअरबॉक्समध्ये असतं. तिथे मागे जाणाऱ्या शाफ्टवरच्या गिअरला एक पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, लागलेलं असतं. पिनियनमध्ये लवचिक केबलचं चौकोनी टोक बसतं. केबलला दोन अंगं: बाहेरची नळी जागच्या जागी राहते, आणि तिच्यात फिरते ती आतली तार, जिला सगळे इनर म्हणतात. इनर म्हणजे साधी तार नाही. पोलादी तारांचे थर एकावर एक, उलटसुलट दिशांना पिळून ती केलेली असते, म्हणून ती वाकतेही आणि पीळही पुढे पोचवते. गाडीखालून, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या (फायरवॉलच्या) भोकातून, डॅशबोर्डच्या मागे वळण घेत ती मीटरपर्यंत येते. म्हणजे चाकं फिरताहेत तोवर ही मीटर-दोन मीटरची तार अखंड गरगरत असते, आणि तिच्या वाटेवर कुठेही काही घासलं तरी आवाज मीटरमधून येतो. नळी आवाज वाहून नेते आणि पत्र्याची पोकळ डबी तो मोठा करते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

डबीच्या आतली करामत मला अजूनही थक्क करते. केबलने फिरतो तो एक छोटा चुंबक. त्याच्या भोवती, त्याला कुठेही न शिवता, अॅल्युमिनियमचा पातळ कप असतो. काटा त्या कपाला जोडलेला. चुंबक अॅल्युमिनियमला ओढत नाही, हे शाळेत कळलेलं असतं. पण चुंबक फिरू लागला की कपाच्या धातूत विजेचे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं, आणि कप चुंबकामागे ओढला जातो. त्याला गरगरा फिरू देत नाही ती केसासारखी बारीक स्प्रिंग. चुंबक जितका जोरात फिरेल तितका कप स्प्रिंगविरुद्ध जास्त वळतो, आणि काटा तिथे ठरतो. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये या कल्पनेचं पेटंट घेतलं, आणि इलेक्ट्रॉनिक मीटर येईपर्यंत जगभरच्या गाड्या बहुतांशी याच तत्त्वावर वेग दाखवत राहिल्या. म्हणजे काटा आणि रस्ता यांच्यामध्ये शेवटची काडीभर जागा मोकळी आहे. वेग ती जागा न शिवता ओलांडतो.

या मोकळ्या जागेमुळे तपासाला मोठी मदत होते. चुंबक आणि कप यांच्यात घासण्यासारखं काही नसतंच, त्यामुळे तिथून आवाज आला तर गोष्ट फार बिघडलेली असते. चुंबक कपाला टेकला, तर काटा थरथरत बसत नाही. तो थेट शेवटच्या आकड्यावर जाऊन आपटतो, कधी कधी वाकतोसुद्धा. दुसरीकडे, किलोमीटर किंवा मैल मोजणारे आकडे त्याच फिरत्या दांड्यावरच्या वर्म गिअरने, म्हणजे स्क्रूसारख्या पिळाच्या गिअरने, चालतात, तिथे दाताला दात लागतो. म्हणून आधी मी दोन्ही बघतो. काटाही मेला आणि आकडेही थांबले, तर केबल तुटली किंवा पिनियन गेलं. आकडे पुढे सरकताहेत आणि काटा मेला, तर केबल निर्दोष, दोष डबीत. माझ्या गाडीत दोन्ही चालू होते, काटा फक्त थरथरत होता. थरथर बहुतेक वेळा केबलकडे बोट दाखवते. इनर कुठेतरी कोरडी अडते, क्षणभर स्वतःत पीळ साठवते, मग तो पीळ एकदम सुटतो. हे सेकंदात अनेकदा होतं, आणि चुंबक धक्क्याधक्क्याने फिरतो. कानाला ती किंचाळी वाटते, डोळ्याला थरथर.

पण त्याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: आवाज मुळात स्पीडोमीटरचाच आहे ना? गाडी वेगात असताना न्यूट्रल करून नुसती वाहू दिली आणि इंजिन मंद झालं तरी आवाज तसाच राहिला, तर इंजिन आणि क्लच सुटले. मग उरतात रस्त्याच्या वेगाशी बांधलेले सगळे: टायर, चाकांचे बेअरिंग, मागचा शाफ्ट आणि केबल. आवाज टिकटिकीचा असेल तर तिच्या लयीवरून ओळखता येईल, असं मला आधी वाटायचं. मग कागदावर मांडून पाहिलं. अमेरिकन गाड्यांत केबल मैलाला १००० फेरे घेते, म्हणजे ताशी ६० मैलांना बरोबर मिनिटाला १०००. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या मीटरच्या डायलवर हा आकडा तळाशी बारीक अक्षरांत छापलेला असतो, १००० किंवा १२८० असा काहीतरी. मैलाला १००० धरले तर ताशी ५० किलोमीटरला केबल सेकंदाला साधारण साडेआठ फेरे घेते. चाकाचा परिघ १.९ मीटर धरला, तर त्याच वेगाला चाकाचे सेकंदाला सव्वासात फेरे होतात. साडेआठ आणि सव्वासात! हा फरक चालत्या गाडीत कानाने पकडणारा कोणी असेल, तर त्याने तबला सोडून मेकॅनिक होण्याची चूक करू नये. टायरच्या खाचेत अडकलेला खडा आणि केबलमधली गाठ जवळपास एकाच लयीत बोलतात. त्यामुळे टिकटिक ऐकून मीटर उघडण्याआधी चारही टायर एकदा फिरवून बघावेत.

काही मीटर मुळातच टिकटिकणारे असतात, हेही इथेच सांगून टाकतो. स्मिथ्स आणि जेगर यांच्या क्रोनोमेट्रिक मीटरांत चुंबक नसतोच, आत घड्याळाची यंत्रणा असते. ती ठराविक क्षणभर फेरे मोजते, काट्याला तिथे नेऊन ठेवते आणि पुन्हा मोजायला लागते. काटा वाहत नाही, टप्प्याटप्प्याने उडी मारतो, आणि प्रत्येक उडीला टिक होते. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवर हे मीटर सर्रास असत. ती टिकटिक बंद पाडण्याच्या खटपटीत चांगली यंत्रणा खोलून बसलेली माणसं असतात, आणि त्यांची मला मनापासून दया येते.

आता तोडून बघण्याचं काम. नियम सोपा आहे. मीटरच्या मागचा नट सोडवून केबल मोकळी करायची आणि गाडी चालवायची. आवाज राहिला तर दोष केबलमध्ये किंवा तिच्या खाली, आणि गेला तर मीटरमध्ये. मग गिअरबॉक्सकडचं टोकही सोडवायचं, आणि त्यानेही आवाज गेला नाही तर स्पीडोमीटरचा पिच्छा सोडून बेअरिंगकडे वळायचं. डॅशबोर्डच्या मागे हात घालण्याआधी बॅटरी सोडवावी. केबलची नळी धातूची असते आणि गाडीच्या अंगाला जोडलेली असते; उघड्या टर्मिनलला टेकली तर ठिणग्या पडतात. बॅटरी पुन्हा जोडून रस्त्यावर निघण्याआधी ते मोकळं टोक कापडात गुंडाळून बांधून ठेवावं. ही चाचणी रिकाम्या रस्त्यावर आणि सावकाश करायची, हे वेगळं सांगायला नको. काटाच नसताना आपण किती वेगात आहोत याचा अंदाज भलताच चुकतो.

मी केबल मोकळी करून गाडी काढली आणि आवाज जवळजवळ गेला. नियमाप्रमाणे निकाल लागला: मीटर दोषी. इथेच बहुतेक जण नवं मीटर शोधायला लागतात किंवा आहे ते उघडतात. मला हा निकाल पटला नाही, कारण ‘जवळजवळ’ शिल्लक होतं. खाली कुठेतरी अगदी हलकी खरखर चालू होती. आणि दुसरं असं, की मीटर सोडवलं की केबलवरचं ओझंही जातं. इनरला पुढे काही फिरवायचं नसतं, तिच्यात पीळ साठत नाही, तिचं वरचं टोक मोकळं होऊन थोडं खालीवर सरकू शकतं. दोष तिचा असला तरी ती गप्प बसू शकते. त्यामुळे मीटर काढल्यावर आवाज थांबला यावरून मीटर दोषी ठरत नाही. मीटरची चौकशी वेगळी, त्याच्या एकट्याची करावी लागते.

ती चौकशी टेबलावर होते. जुन्या इनरचा वीतभर तुकडा, त्याचं चौकोनी टोक मीटरमध्ये आणि दुसरं टोक ड्रिल मशीनच्या जबड्यात. आधी हाताने हळूच फिरवून पाहायचं, की कोणत्या दिशेने काटा शून्यावरून वर उठतो. उलट्या दिशेने वेग दिला तर काटा खालच्या खिळीवर दाबला जातो आणि त्या केसाएवढ्या स्प्रिंगवर ताण येतो. दिशा ठरली की ड्रिल हळूहळू वाढवत न्यायचं. मैलाला १००० वालं मीटर असेल तर मिनिटाला १००० फेऱ्यांना काट्याने ६० दाखवायला हवं, म्हणजे आवाजाबरोबर खरेपणाचीही परीक्षा होते. माझं मीटर ड्रिलवर शांतपणे फिरलं. काटा स्थिर, आवाज फक्त ड्रिलचा. थंडीत किंचाळतं का हे बघायला मी ते रात्रभर बाहेर ठेवून सकाळी पुन्हा फिरवलं. तरी शांत. ड्रिलवर किंचाळलं असतं, तर मागच्या दांड्याच्या बुशला, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कडीला, घड्याळाच्या तेलाचा एक थेंब दिला असता, एकच. काही अमेरिकन मीटरांत त्यासाठी मागे छोटं भोक आणि आत फेल्टची वात असते. डबीची कडा उघडणं हा शेवटचा उपाय. आतले गिअर पुष्कळदा ठिसूळ झालेल्या जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, आणि काट्याला धक्का लागला की खरेपणा कायमचा गेला.

मग केबल. इनर वरून ओढून पूर्ण बाहेर काढली आणि कागदावर पसरली. केबल तपासताना डोळ्यांपेक्षा बोटं जास्त सांगतात. दोन्ही हातांत सैल वळणाने धरून एक टोक चिमटीत हळूहळू फिरवायचं आणि दुसरं टोक बघायचं. चांगली इनर सरळ पाठोपाठ फिरते. गाठ असलेली आधी थांबते, मग एकदम उडी मारते. माझी थांबतही नव्हती आणि उडतही नव्हती, म्हणजे गाठ नव्हती. पण एका जागी, वरच्या टोकापासून दोनेक वितींवर, बोटभर लांबीचा पट्टा आरशासारखा चकाकत होता. त्याच्या आसपास ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसती कोरडी काळी पूड.

तेवढी लांबी नळीवर मोजून खूण केली आणि डॅशबोर्डखाली डोकं घातलं. खूण हीटरच्या नळीपाशी आली. केबलला धरून ठेवणारी क्लिप कधीतरी निघालेली, नळी घसरून हीटरच्या नळीमागे अडकलेली, आणि मीटरकडे जाताना ती जवळजवळ काटकोनात वळत होती. जुनी ब्रिटिश दुरुस्ती-पुस्तकं सांगतात, की केबलच्या वळणाची त्रिज्या ६ इंचांपेक्षा, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटरपेक्षा कमी नको. इथे ती त्याच्या निम्मीही नव्हती. फिरणारी इनर त्या कोपऱ्यात नळीच्या एकाच बाजूवर दाबली जात होती. तिथलं ग्रीस कधीच घासून बाजूला गेलं असणार. थंडीत बाकीचं ग्रीसही घट्ट, म्हणून किंचाळी. गाडी तापली की थोडी सैल, म्हणून करकर.

पण मला खरा धक्का बसला तो इनरच्या खालच्या अर्ध्या भागाचा. तो ओलाचिंब होता. ग्रीस पातळ होऊन तपकिरी झालेलं, हुंगलं तर गिअरबॉक्सच्या तेलाचा गंधकी वास. पिनियनभोवतीचं तेल अडवणारं सील गळत होतं, आणि पिळलेली इनर स्क्रूसारखी फिरत ते तेल हळूहळू वर चढवत होती. म्हणजे ज्या केबलमध्ये सगळे तेल सोडायला सांगत होते, तिच्यात आधीच तेल होतं! ते कोपऱ्याशी पोचलं नव्हतं एवढंच. आणखी काही काळ गेला असता तर तेही झालं असतं. आवाज आपोआप थांबला असता, मी खूश झालो असतो, आणि ते तेल तसंच पुढे मीटरमध्ये शिरून चुंबक आणि कपाच्या मधल्या त्या काडीभर जागेत जाऊन बसलं असतं. तिथे तेल आलं की ते चिकटपणाने कपाला सोबत ओढतं. काटा खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवतो आणि शून्यावर यायला आळस करतो.

पुढचं काम साधं होतं. नळी दोन्ही टोकांनी काढून रॉकेलने धुतली, वाळवली, आणि नव्या क्लिपा लावून मूळ मार्गाने मोठ्या वळणात बसवली. इनरला ग्रीसचा पातळ हात दिला. दिलेलं ग्रीस नेहमीच जास्त होतं, म्हणून इनर पूर्ण घातल्यावर वरून वीतभर, सुमारे २० सेंटिमीटर, परत बाहेर ओढून तेवढा भाग पुसून काढायचा आणि मग आत ढकलायचा. जास्तीचं ग्रीस शेवटी मीटरमध्येच जातं. मीटरच्या बाजूला इनर नळीच्या तोंडाबाहेर सुमारे १० मिलिमीटर दिसायला हवी. कमी असेल तर ती मीटरमध्ये नीट धरत नाही. जास्त असेल तर नट आवळल्यावर मीटरच्या दांड्याला मागून ढोसते, आणि मग त्या दाबाने चांगल्या मीटरचं बुशही ओरडायला लागतं. माझी बरोबर होती.

किंचाळी गेली, करकरही गेली. काटा ३० च्या वर स्थिर आहे. १५-२० मैलांच्या दरम्यान अजून किंचित हलतो. चकाकलेल्या पट्ट्यातल्या बाहेरच्या थराच्या तारा झिजल्या आहेत, त्यामुळे ही इनर फार दिवस टिकेल असं मी धरत नाही. नवी इनर लगेच घालण्यात मात्र अर्थ नाही. सील गळतंय तोवर तीही तेल पिणार. ते सील पिनियनच्या घरट्यात, गिअरबॉक्सच्या कुशीला आहे. त्यासाठी गाडी स्टँडवर घेऊन खाली झोपावं लागेल, घरटं सोडवताना थोडं तेल सांडेल, आणि सीलबरोबर पिनियनचे दातही बघून होतील. तोपर्यंत मी अधूनमधून इनर बाहेर काढतो, खालचा भाग पुसतो आणि तेल कुठवर चढलंय त्याची पेन्सिलने नळीवर खूण करून ठेवतो.